‘नाहीतर’च्या पुढची जागा

सासूबाई न्हाणीघरात पडल्या, आणि त्याच सुमाराला आमच्या ऑफिसने जुना सगळा कोड नव्या भाषेत लिहायचं ठरवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या घराची पुढची खोली त्यांची झाली आणि मागच्या खोलीत मी, लॅपटॉप आणि ती नवी भाषा. नवी म्हणजे माझ्यासाठी नवी. या फंक्शनल पद्धतीच्या भाषा फार पूर्वीपासून आहेत म्हणे, पण इतकी वर्षं त्यांच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. आता अडलं होतं. शेवटी एक रिव्ह्यू होणार होता. त्यात माझा कोड पसंत पडला तर मी प्रोजेक्टवर राहणार, नाहीतर नोकरी गेली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, भिलाईत घरी बसून काम करणाऱ्या बाईला दुसरा प्रोजेक्ट कोण देतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

काम एका कुरिअर कंपनीचं. जुन्या कोडमध्ये लिहिलेलं होतं, घरी माणूस असेल तर पार्सल द्या आणि पोच नोंदवा. बस. माणूस नसेल तर काय, याबद्दल एक अक्षर नाही, आणि जुन्या भाषेला त्याचं काही वाटतही नसे. ती मुकाट्याने पुढच्या ओळीवर जायची, पार्सल गाडीत पडून राहायचं. नव्या भाषेत हे चालेना. तिथे ‘जर’ लिहिलं की त्यातून एक उत्तर निघालंच पाहिजे. ‘तर’चं द्या आणि ‘नाहीतर’चंही द्या. ‘नाहीतर’ची जागा रिकामी ठेवली की कंपाइलर, म्हणजे कोड तपासणारा प्रोग्राम, अडून बसतो. त्यात दोन्ही उत्तरं एकाच प्रकारची हवीत. एकीकडे तारीख दिली तर दुसरीकडेही तारीखच. तारखेच्या जागी ‘कृपया सहकार्य करावे’ असं वाक्य टाकलं तर? मी वैतागून टाकून पाहिलं. लाल रेघ आली.

दिवसभर असलं शिकायचं आणि मधूनमधून पुढच्या खोलीत जायचं. सासूबाईंच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की त्या चमच्याने पेला वाजवत. पाणी हवं, लघवीचं भांडं हवं, पडदा सरकव, डाळीत काय घातलं. एका अटीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशी मांडणी डोक्यात कशीबशी धरून ठेवावी आणि टण्ण करून चमचा वाजावा. मला त्यांचा राग यायचा. मग राग आल्याबद्दल स्वतःचा राग यायचा, आणि या सगळ्यात ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागायची.

घरात व्यवस्था नव्हती असं नाही. कॅम्प-१ वस्तीतून एक बाई दिवसा बसायला यायची. बाई आली तर बाई. नवरा स्टील प्लांटमध्ये, तीन पाळ्यांत. तो घरी असला तर तो. नाहीतर? इथे वाक्य संपायचं. कोणी माझ्याकडे बघायचंही नाही, कारण त्यात विचारायचं काय, मी घरीच तर असायचे. लॅपटॉपसमोर बसलेली बाई आमच्याकडे कामावर गेलेली धरत नाहीत. कामावर जाणं म्हणजे डबा घेऊन, सायरनच्या वेळेला.

एकदा मी धीर करून दिराला विचारलं. तो गोंदियाला रेल्वेत आहे, दर रविवारी न चुकता आईशी बोलतो. म्हटलं, बाई आली नाही आणि तुमचे भाऊ ड्यूटीवर असले, तर कोण? तो म्हणाला, वहिनी, चांगली नर्स ठेवा, पैशांची काळजी करू नका. मी मागितला होता एक माणूस, एखाद्या दुपारपुरता. मनात म्हटलं, कंपाइलर असता तर इथेच लाल रेघ ओढली असती. तोंडाने मात्र बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

नव्या भाषेत अटी फार झाल्या की त्या एकाखाली एक मांडतात. प्रत्येक शक्यता आणि तिच्यापुढे तिचं उत्तर. कंटाळा आला तर शेवटच्या ओळीत एक अंडरस्कोअर, नुसती एक आडवी रेघ, टाकता येतो. त्याचा अर्थ, उरलेलं सगळं इथे. कंपाइलर खूश होतो. मला शिकवणारा पुण्याचा मुलगा म्हणायचा, मॅडम, ही ओळ जपून वापरा, उद्या नवीन काही उपटलं की तेही गुपचूप तिच्याच गळ्यात पडतं आणि कोणाला कळतही नाही. मी ऐकून घेतलं. त्याला काय सांगणार, की आमच्या घरात ती ओळ मीच आहे. मी माझ्या कोडमधले सगळे अंडरस्कोअर काढून टाकले आणि एकेक शक्यता हाताने लिहिली. कुलूप, चुकीचा पत्ता, घ्यायला नकार, वारलेला माणूससुद्धा. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

रिव्ह्यूच्या दिवसाची सोय मी आधीच करून ठेवली होती. नवऱ्याची रात्रपाळी होती, म्हणजे तो सकाळी घरी येणार. बाईही येणार. एकाला दोन माणसं, म्हणून मी निर्धास्त. सकाळी बाईचा फोन आला, मुलाला ताप आहे. पाठोपाठ नवऱ्याचा आला, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही, डबल ड्यूटी लागली. मी म्हटलं, आज माझा रिव्ह्यू आहे.

“मले ठाऊक आहे ना. पण तू त घरीच आहेस. जरा ॲडजस्ट कर.”

मी फोन हातात धरून पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिले. सासूबाईंच्या दुखण्यामुळे रिव्ह्यू आधीच एकदा पुढे ढकलला होता. आता पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं? मला रडायचीसुद्धा ताकद नव्हती, नुसतं तिथेच जमिनीवर बसून राहावंसं वाटत होतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

“मले कावून नाही विचारत कोणी?” त्या म्हणाल्या. “मी राहीन एकटी. दार लावून घे आन तुयं काम कर.” मग चमचा उचलून माझ्यापुढे धरला. “हा घेऊन जाय. हातात राहिला त वाजवीन मी.”

खरंच, त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. मी त्यांना भांडं दिलं, पाण्याचा पेला भरून ठेवला, पंखा कमी केला, आणि चमचा घेऊन मागे गेले. तो माउसशेजारी ठेवला.

स्क्रीनवर तिघे होते. त्यांनी ओळ न ओळ विचारली. सगळ्या शक्यता आल्यात ना, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, कंपाइलर तरी तसं म्हणतो. ते हसले. माझा एक कान पुढच्या खोलीकडे होता. तिकडे काही आवाज नव्हता. म्हातारीला झोप लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि पुढचं उत्तर दिलं. ठरल्यापेक्षा बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी सांगितलं, छान झालंय, पुढच्या कामातही तुम्ही आहात.

मी उठून पुढे गेले. सासूबाई जाग्या होत्या, तोंड भिंतीकडे. वास आला तेव्हाच मला कळलं. चादर ओली होती आणि गारही पडली होती, म्हणजे बराच वेळ झाला होता. पेल्यातलं पाणी काठोकाठ तसंच होतं. लघवीला लागू नये म्हणून त्या घोटभरही प्यायल्या नव्हत्या.

“हाक तरी मारायची, आई.”

“तू साहेबासंगं बोलून राहिली होती ना.”

मला एकदम रडू फुटलं, इतक्या महिन्यांचं. मी चमचा पेल्याशेजारी ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं,

“ठेवलं का तुले नोकरीवर?”

“ठेवलं.”

“मंग झालं. चादर काढ आता. आन माह्या पोट्ट्याले नको सांगू. थकून येते तो.”