तीन नंबरची टिकटिक

आल्बर्ट अंकलना आमच्या कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या गल्लीत कोणी "कसे आहात" म्हणून विचारत नाही. विचारलं की ते उलट तुमच्याच गाडीची तब्येत सांगत बसतात. वसईला एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. चर्चबाहेर फादरनी हात पुढे केला की हे म्हणणार, "फादर, तुमचा फॅनबेल्ट रडतोय." एका फ्युनरलला तर यांनी शववाहिकेच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन इंजिनाचे टॅपेट ढिले असल्याचं सांगितलं. शुभदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वेळेवर चिमटा काढला म्हणून मी तिथे हसलो नाही.

अंकल लेकीकडे राहतात. लेक जोन, जावई क्लिफर्ड, दोघंही गुणी. पण घर त्यांचं, टीव्ही त्यांचा, जेवणाची वेळ त्यांची. अंकलची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट, ती दहा वर्षांची बेज रंगाची गाडी. बुधवारी तिच्यातून चर्चच्या गाण्याच्या प्रॅक्टिसला जायचं आणि शुक्रवारी मासळी आणायची. शुक्रवारी मीही पुढच्या सीटवर असतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शुभदा सांगेल.

२००८च्या मार्चमध्ये अंकल दोन महिने वसईला राहून परत आले आणि गाडी सुरू करायला गेले. गाडी हिवतापाच्या पेशंटसारखी थडथड उडायला लागली आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

क्लिफर्ड कॉम्प्युटरमधला. त्यानं स्टिअरिंगखाली जोडायचं एक छोटं यंत्र आणलं. यंत्र म्हणालं, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. मग त्यानं इंटरनेटवर वाचून नवे प्लग घातले, तीन नंबरला ठिणगी पुरवणारी नवी कॉइल घातली. दिवा विझवला. दोन दिवसांनी दिवा हजर. पुन्हा विझवला, पुन्हा हजर.

"डॅडी, इट्स डन," क्लिफर्डनं निकाल दिला. "शनिवारी बाराला स्क्रॅपवाल्याचा टो ट्रक येतोय. तुम्ही आता आरामात बसनं जा."

"मी एकतीस वर्षं बसच्या खाली झोपून काढली," अंकल म्हणाले, "आता मला आत बसायला सांगतोस?"

"सेफ्टीचा प्रश्न आहे, डॅडी."

"बारापर्यंत गाडी माझी आहे ना?"

"हो."

"मग झालं तर."

शनिवारी दहा वाजता मी कॉफीचा मग घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेवर पोचलो. असला तमाशा घरात बसून कोण सोडतो?

"अंकल, टो ट्रकवाल्याला चहा लागेल का? शुभदेला तसं सांगून ठेवतो."

"उल्हास, तू पाच मिनिटं तोंड बंद ठेव. मला ऐकायचंय."

आधी त्यांनी तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावली, एकची तीनवर. क्लिफर्डला म्हणाले, "आता तुझ्या मशीनला विचार, आजारी कोण?"

क्लिफर्डनं पाहिलं. "स्टिल तीन."

"कॉइल खराब असती तर दुखणं तिच्याबरोबर एकवर गेलं असतं. गेलं नाही. म्हणजे तू बिचारीला उगाच बदललीस."

मग त्यांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. इंजिन सुरूच होतं. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पेट्रोलचा फवारा मारणारी नळी, इंजेक्टर, काम करताना टिकटिकतो म्हणे. एक नंबर टिकटिक. दोन टिकटिक. तीनवर ते बराच वेळ थांबले. मग चार टिकटिक. त्यांनी मूठ क्लिफर्डच्या कानाला लावली. यंत्रवाला जावई वाकून ऐकतोय, हे दृश्य बघायला जोन खिडकीत आली.

"तीन काहीच बोलत नाही," क्लिफर्ड हळूच म्हणाला.

"पेट्रोल मिळतच नाही, तर पेटेल काय?"

आता इंजिन बंद करून त्या नळीच्या वायरवरून बोट फिरवत अंकल मागे मागे गेले आणि इंजिनामागचं प्लॅस्टिकचं झाकण त्यांनी उचललं. आत वाळकं गवत, कापसाचे पुंजके, मधोमध कुरतडलेली वायर आणि शेजारी नीट रचून ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मोजून सतरा.

"खारींचं काम," क्लिफर्ड म्हणाला. "पण शेंगा कुठून आल्या? जोनला अ‍ॅलर्जी आहे. आमच्या घरात पीनट येतच नाही."

मी कॉफीच्या मगात तोंड खुपसलं. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. अंकलनी जाताना चावी माझ्याकडे दिली होती, दर रविवारी गाडी सुरू करून एक चक्कर मारायला. मी एकाच रविवारी मारली. पुढे वजा वीसमध्ये कोण बाहेर पडणार? शिवाय खारींनी शुभदेच्या ट्यूलिपचे कांदे उकरले म्हणून आमच्या अंगणात त्यांना शेंगा टाकायची मला बंदी. म्हणून मी रोज मूठभर शेंगा अंकलच्या ड्राइव्हवेवर टाकायचो.

अंकलनी माझ्याकडे एकदा पाहिलं. समोर आमच्या दारात शुभदा उभी होती. तिच्याकडेही एकदा पाहिलं.

"खारींना काय," ते क्लिफर्डला म्हणाले, "दयाळू लोक सगळीकडे भेटतात." आणि शेंगा खिशात टाकल्या.

बाराला वीस मिनिटं होती. त्यांनी वायरचा कुरतडलेला भाग कापला, नवा तुकडा कथिलाचा डाग देऊन जोडला, वर टेप गुंडाळली. चावी फिरवली. माझ्या हातातला मग काढून घेतला आणि चालत्या इंजिनावर ठेवला. कॉफीवर बारीकशी लाटही उठेना. क्लिफर्डनं दिवा विझवला, दोघं गल्लीला चार फेऱ्या मारून आले. दिवा विझलेलाच.

तेवढ्यात टो ट्रक आला. क्लिफर्ड पुढे होऊन सॉरी म्हणत होता, तोवर अंकल ट्रकच्या पुढच्या चाकाशी वाकून ड्रायव्हरला सांगत होते, "बेरिंग गॉन. लेफ्ट साइड. यू कम ऑन मंडे." तो सोमवारी खरंच आला.

शुक्रवारी मी पिशवी घेऊन नेहमीसारखं पुढचं दार उघडलं. माझ्या सीटवर रुमाल पसरलेला, त्यावर सतरा शेंगा, आणि वरून सीटबेल्ट लावलेला.

"पुढची जागा भरली," अंकल म्हणाले. "तू मागे बस. की शुभदेला बोलवू?"

मी मागे बसलो. बाजारापर्यंत अवाक्षर काढलं नाही. इंजिनाचाही आवाज येत नव्हता.