दाबून बघितलंस का?

"दाबून बघितलंस का?" असं विचारताना त्या अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासायच्या. बोटांत काही नसायचं. पण आपण जे बोललो तो शिजत घातलेल्या डाळीचा दाणा आहे, आणि तो आतून मऊ आहे की कच्चा हे त्यांना आत्ताच कळायला हवं, अशी ती बोटं हलायची. कॉलेजात आमच्यातलं कुणी उठून म्हणालं की समाजाच्या मागासलेपणाचं मूळ अज्ञानात आहे, की सतरंजीच्या कोपऱ्यातून प्रश्न आलाच म्हणून समजा. बोलणारा मुकाट खाली बसायचा.

त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. सरसुद्धा. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे टोणगे, आणि त्या आमच्याहून बऱ्याच मोठ्या, लग्न झालेल्या. गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी, आणि पिशवीत वहीबरोबर हटकून एखादी कोथिंबिरीची जुडी.

आता हे कॉलेज कसलं, ते आधी सांगायला हवं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि जो तो काहीतरी नवीन काढत होता. आमचे सर मोठ्या कॉलेजातली चांगली नोकरी सोडून मुलुंडला आले. कुणा शेटजींनी हवा खायला बांधलेला आणि मग कंटाळून सोडलेला बंगला त्यांनी भाड्याने घेतला, दोन-तीन मित्र गोळा केले आणि कॉलेज सुरू केलं. नियम एकच. आपला अभ्यास आपण आखायचा. प्रश्न आपला, काय वाचायचं आणि कुणाला विचारायचं तेही आपणच शोधायचं, शिक्षक नुसते मदतीला. वर्षाच्या शेवटी पेपर नाही. परीक्षकसुद्धा आपणच निवडायचा. बंगल्याच्या व्हरांड्यात त्याच्यासमोर उभं राहून काय सापडलं ते सांगायचं, आणि पुढच्या वर्षात जायचं की नाही ते त्याने ठरवायचं.

आमच्या आळीत त्याला 'बिनपेपरचं कॉलेज' म्हणत. "तिथे मुलंच मास्तरांना शिकवतात म्हणे," असं माझी मावशी घरोघर सांगत फिरायची. मला तिथे घातलं, कारण लग्न जमेपर्यंत मुलगी कुठेतरी असायला हवी होती. खोटं कशाला सांगू?

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला त्याचा प्रश्न विचारला. काय एकेक प्रश्न होते, बाई! एकाला मानवजातीचं भवितव्य शोधायचं होतं. एकाला लोकशाही टिकेल का ते हवं होतं. मी फेरीवाल्यांच्या हाका असा विषय सांगितला, कारण ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. मग वहिनींची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे डाळ का शिजत नाही?"

जो हशा उठला तो विचारू नका. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठली डाळ?"

"तुरीची."

"आणि शिजत नाही म्हणजे काय होतं?"

"सासूबाई ताटावरून उठतात," वहिनी म्हणाल्या. मग कुणी हसलं नाही.

त्यांचं घर स्टेशनापलीकडे, मिठागरांच्या बाजूला. नवरा भांडुपच्या कारखान्यात फिटर, स्वभावाने गरीब. घर चालायचं ते सासूबाईंच्या शब्दावर. सासूबाई मालवणकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज खणखणीत. सून मॅट्रिक झालेली, तिने शिकायचा हट्ट धरला. मुलगा आईकडे बघत राहिला, आणि आईने निकाल दिला, "एक वरीस बघूया. मगे बंद." तेव्हापासून सकाळची डाळ कच्ची राहिली, की सगळ्या चाळीला ऐकू जायचं, "हिच्या हाताक डाळ शिजना नाय. शिकान काय करतली?" म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल. वहिनींचा अभ्यास डाळीचा होता खरा, पण त्या डाळीवर त्यांचं पुढचं शिक्षण अडकलेलं होतं.

वहिनींचा संशय पाण्यावर होता. खाडीकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, जड. टेकडीच्या पायथ्याच्या विहिरींचं गोड. मग त्यांनी ठरवलं की एकाच वाण्याची डाळ, एकच पातेलं, एकच स्टो घ्यायचा आणि विहीर तेवढी बदलायची. स्टो उचलायला मी. माझे फेरीवाले रस्त्यातच भेटायचे, त्यामुळे माझंही काम व्हायचं.

दोन बायका विहिरीच्या काठावर स्टो पेटवून डाळ शिजवताहेत, हे बघायला सगळं गाव लोटायचं. भांडुपच्या गावठाणात एका ख्रिस्ती आजींनी तर आम्हाला काठी उगारली. "माझ्या विहिरीला नावं ठेवायला आल्यात? माझ्या सासऱ्याने खणली ती!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आजी, नाव तुम्हीच ठेवा. डाळ तयार झाली की तुम्हीच दाबून बघा." आजींनी दाणा दाबला. मऊ लोणी. मग काय विचारता! आजींनी साऱ्या गावठाणाला हाक मारून दाणे वाटले आणि आम्हाला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊ घातली. ती चव अजून जिभेवर आहे.

दिवाळीनंतर वहिनी खुशीत होत्या. गोड पाण्यात डाळ शिजत होती, मचूळ पाण्यात रखडत होती. "सुटले गं मी," त्या मला म्हणाल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "संध्याकाळची डाळ कोण लावतं?"

"सासूबाई."

"त्याच विहिरीच्या पाण्यात?"

"हो."

"मग ती का शिजते?"

वहिनी म्हणाल्या, "त्या दुपारपासून चुलीवर ठेवतात." पण त्यांची बोटं एकमेकांवर घासायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेकडीच्या विहिरीचं पाणी घागर भरून घरी नेलं आणि सकाळची डाळ त्यात लावली. डाळ शिजली नाही. गोड पाणी, तीच डाळ, आणि दाणा टणटणीत! सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. वहिनी कॉलेजात आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मला त्यांची इतकी दया आली की मी म्हटलं, "जाऊ दे ना वहिनी, विहिरीवर शिजली ना? तेवढंच सांगायचं."

पुढचा आठवडाभर संध्याकाळी त्या सासूबाईंच्या शेजारी पाट मांडून नुसत्या बसल्या. सासूबाईंना वाटलं, ही आता काय नवीन नाटकं करते?

"काय बघतंस गो?"

"शिकतेय, आई."

"कित्याक? कॉलेजात शिकवणत नाय?"

आणि एका संध्याकाळी त्यांना दिसलं. सासूबाईंनी डाळ पूर्ण मऊ झाल्यावर, अगदी शेवटी, त्यात सोलं टाकली. सोलं म्हणजे आमसुलं. आणि वहिनी? वहिनींना साडेसातला घर सोडायचं असायचं. त्या डाळ, मीठ, मिरची, सोलं सगळं एकदम पातेल्यात घालायच्या, चुलीवर चढवायच्या आणि केस विंचरायला जायच्या. आंबट आधी पडलं की डाळ आडमुठी होते. विहिरीवर आम्ही नुसती डाळ शिजवत होतो, म्हणून तिथे हे कळलंच नाही.

हे मला सांगताना त्या हसत होत्या, पण मला घामच फुटला. "अहो वहिनी, वाट लागली की! म्हणजे सासूबाई म्हणतात तेच खरं ठरलं. कॉलेजच्या घाईमुळेच डाळ शिजत नाही!"

"अर्धं खरं. अर्धं पाण्याचं."

"पाण्याचंच सांगा मग. सोलांचं कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्यापुढे अंगठा आणि बोट घासलं. "दाबून बघितलंय गं. आता कसं न सांगू?"

परीक्षक निवडायची वेळ आली. आम्ही सगळ्यांनी आपापली सोय बघितली. मी माझ्या मामाला सांगितलं. मामा इतका भला की मी व्हरांड्यात नुसती शिंकले असते तरी त्याने मला पुढच्या वर्षात घातलं असतं. वहिनींना सरांनी विचारलं, "तुमचा परीक्षक?"

"सासूबाई."

सरांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, नीट विचार करा. त्या नाही म्हणाल्या तर मला काही करता येणार नाही."

"केलाय विचार. प्रश्न त्यांच्या ताटावरचा आहे, सर. दुसऱ्या कुणी मला पास केलं तर ते मला घरी नेता येणार नाही."

त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर मांडी घालून बसल्या. वहिनींनी त्यांच्यापुढे तीन पातेली ठेवली. एकात टेकडीच्या पाण्यातली डाळ, दुसऱ्यात घरच्या विहिरीच्या पाण्यातली, तिसऱ्यात घरचंच पाणी पण सोलं आधी घातलेली. कुठलं काय ते सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बोटांनी एकेक दाणा उचलून दाबला. पहिला दाबला, मान हलवली. दुसरा दाबला, तोंड वाकडं केलं. तिसरा बोटांतून निसटून सरांच्या पायाशी जाऊन पडला.

"ही आमच्या घराची," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळा व्हरांडा हसला. वहिनीही हसल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. विहिरी सांगितल्या, मिठागरं सांगितली, आजींची काठीसुद्धा सांगितली. आणि शेवटी सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "पण सगळा दोष विहिरीचा नाही, आई. सोलं मी आधी घालत होते. कॉलेजला उशीर होतो म्हणून सगळं एकदम घालून निघत होते. ते चुकलं."

मी डोळे मिटून घेतले. बाईने स्वतःच्या हाताने दोर कापला, असंच मला वाटलं.

"म्हंजे मी सांगत होतंय ता खराच," सासूबाई म्हणाल्या.

"अर्धं."

"आणि अर्धा पाण्याचा?"

"हो."

सासूबाईंनी पातेल्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग तिसऱ्या पातेल्यातला आणखी एक दाणा उचलून दाबला, उगाचच, आणि पदराला बोटं पुसली. "सकाळची डाळ मी घालतलंय," त्या म्हणाल्या. "सोलां मागसून. तू शिकाक जा."

सरांना राहवलं नाही. "म्हणजे वहिनी पास?"

"पास-बिस माका ठावक नाय. दुसऱ्या वर्साक तिचा नाव घाला."

वहिनी तिथेच, आमच्या सगळ्यांसमोर, ढसाढसा रडल्या. मीही रडले. परीक्षक म्हणून आलेला मामा म्हणाला, "अगं, तुला काय झालं?" मामाला काय सांगायचं, कपाळ!

पुढच्या वर्षी मी माझा विषय बदलला. आमच्या आळीतल्या मुलींचं शिक्षण कुठे थांबतं आणि कोण थांबवतं, हा प्रश्न घेतला आणि परीक्षक म्हणून बाबांना बोलावलं. वहिनी म्हणाल्याच होत्या, "परीक्षक नडणारा घे गं. गोड माणसाने पास केलेलं टिकत नाही." बाबांनी मला सरळ नापास केलं. म्हणाले, "चार घरं बघून निकाल काढतेस? आणखी बघायला हवीत." म्हणजे कॉलेज आणखी एक वर्ष. आईने कपाळाला हात लावला, पण माझ्यासाठी आलेलं स्थळ बाबांनी त्या वर्षी परत पाठवलं.

वहिनींचं तिसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं तेव्हा नवऱ्याच्या कारखान्याने त्याला मध्य प्रदेशातल्या नव्या कामावर पाठवायचं ठरवलं. कॉलेजही त्यानंतर फार टिकलं नाही. शेटजींना बंगला विकायचा होता, सर थकले होते. पण ते पुढचं.

सामान बांधायला मी गेले होते. पितळी पातेली गोणपाटात गुंडाळत होतो. वहिनी त्या दिवशी नेहमीसारख्या नव्हत्या. वह्या त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातल्या आणि वर घडी करून साड्या रचल्या. म्हणाल्या, "झालं तेवढं पुष्कळ झालं गं." सासूबाई उंबऱ्यात बसून सोलांची बरणी फडक्यात बांधत होत्या. त्यांना ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने वहिनींनी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "तिकडचं पाणी कसं असेल कोण जाणे."

सासूबाईंनी बरणीची गाठ घट्ट ओढली. सुनेकडे वर पाहिलं आणि हात पुढे करून अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. "पाण्याचा बघूया गो," त्या म्हणाल्या. "थंय कॉलेज आसा काय, ता दाबून बघलंस?"

वहिनींनी ट्रंक उघडली, साड्या बाहेर काढल्या, आणि वह्या वर ठेवल्या.