भिंतीपलीकडचा बॅरिटोन

इतकी वर्षं शेजारी राहूनही संघर्ष तायडेबद्दल शशीकाकांना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. त्याचं लग्न का मोडलं, त्याचे मित्र कोण, एकटा असताना तो काय करायचा, कुणी विचारलं असतं तर काकांना एकाचंही उत्तर देता आलं नसतं. त्यांच्या ओळखीचा होता तो फक्त आवाज. लंडनच्या एजवेअर भागातली ती दोन घरं एकाच भिंतीला दोन्हीकडून टेकलेली. सकाळी काका चहा टाकायचे तेव्हा पलीकडे संघर्षचा रियाज सुरू व्हायचा आणि काकांच्या कपाटातल्या बशा किणकिणायला लागायच्या.

"काका, माझा प्रॅक्टिस त्रास देतो का तुम्हाला?" तो कुंपणावरून विचारायचा. इथंच जन्मलेला, त्यामुळे मराठी अशी.

"मला नाही रे. बशांना विचार."

संघर्षचे वडील कडूबा बस चालवायचे, आई विमलाबाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत. घरात ऑपेराचं नावही कुणी काढलेलं नव्हतं. आवाज फुटल्यावर शाळेतल्या म्युझिक टीचरनं ओळखलं, की हा पुरुषी आवाजातला मधला, भरदार पट्टा आहे; बॅरिटोन. मग स्कॉलरशिप, म्युझिक कॉलेज, कोरस, स्पर्धा. कडूबा गेले त्या वर्षी पेपरांनी पोराला पहिल्यांदा पाच तारे दिले. पुढे ते तारे नेहमीचेच झाले.

आणि भूमिका? हरलेला रानटी राजा. गुलामांचा मुकादम. पूर्वेकडच्या कुठल्याशा देवळातला क्रूर पुजारी. नायिकेचा बाप, सरदार, प्रेमात पडलेला उमराव, ही कामं दुसऱ्यांना. गळ्यात सगळं होतं, पण निवडणाऱ्यांना आधी कातडी दिसायची. सुरुवातीच्या वर्षांत काका एकदा बघायला गेले, तर आधीच सावळ्या तोंडावर आणखी काळा रंग फासलेला. परतीच्या ट्यूब रेल्वेत काका धुमसत बसले. संघर्ष मात्र टिश्यूनं मान पुसत एवढंच म्हणाला, "हे कानामागून निघतच नाही, काका."

अशा माणसाचा सत्कार करायचं मराठी मंडळाला सुचलं, तेही पेपरात फोटो मोठा आला तेव्हा. याच मंडळाच्या स्पर्धेत कडूबा एकदा छोट्या संघर्षला घेऊन आले होते. पोरानं बाबासाहेबांवरचं गाणं सुरू केलं आणि परीक्षकांनी पहिल्या कडव्यातच थांबवलं, "दुसरं काही येतं का, बाळ?" त्यानंतर तायडे कुटुंब त्या हॉलकडे फिरकलं नव्हतं.

आता अध्यक्ष होते डॉक्टर अंबरीश, श्रीमंत स्टॅनमोर भागातले. संघर्षनं त्यांना अट घातली, दोन गाणी ऑपेराची आणि शेवटी आईचं. "शुअर, शुअर," अंबरीश म्हणाले. विमलाबाई नवी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. बाबासाहेबांवरचं ते अर्धं राहिलेलं त्यांचं गाणं लेक त्याच स्टेजवर पुरं करणार होता, त्यासाठीच त्या आल्या होत्या.

मंडळाचं साउंड शशीकाका सांभाळायचे. हॉलच्या मागे मिक्सरपाशी बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही. दोन गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि अंबरीश शाल घेऊन स्टेजवर धावले. माईक चालूच होता, त्यामुळे सगळं काकांच्या हेडफोनमध्ये आलं.

"तिसरं राहू दे रे. फॅमिली प्रोग्रॅम आहे. पॉलिटिक्स नको."

"पॉलिटिक्स? अंकल, हे म्हणून आई मला झोपवायची."

"तेच. लोक भुकेलेत."

संघर्षनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि गायला लागला. अंबरीश तरातरा मागे आले. "शशी, माईक बंद कर!" काका हलले नाहीत, तेव्हा अंबरीशनी स्वतःच बटण खाली ओढलं. काकांना हसू आलं. या शहाण्यांना एवढंही कळू नये? ज्या आवाजानं विटांच्या भिंतीपलीकडच्या बशा वाजतात, त्याचा माईक बंद करताहेत! स्टेजवर संघर्ष एक पाऊल पुढे आला, छाती भरून घेतली, आणि आवाज मागच्या दारापर्यंत पोचला.

मग जेवणाचा दरवाजा उघडला. मसालेभाताचा वास आला आणि अर्धा हॉल उठला. खुर्च्या खरडल्या, प्लेटा वाजल्या. विमलाबाई मान वळवून उठणाऱ्यांकडे बघत राहिल्या. तेवढ्यावरही भागेना, म्हणून अंबरीश लॅपटॉपवर आरतीची रेकॉर्ड शोधू लागले. देवाचं नाव एका आईच्या तोंडावर दाबायला निघाला होता हा माणूस!  जन्मात कधी कुणाला उलट न बोललेले शशीकाका खाली वाकले आणि साउंडचा सॉकेटमधला प्लग उपटून हातात धरून बसले.

"आर यू मॅड?"

"हो," काका म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

गाणं शेवटच्या ओळीपर्यंत झालं. विमलाबाईंनी बसल्या जागेवरून टाळी वाजवली. जेवणाच्या रांगेतल्या काहींनीही वाजवली, प्लेट काखेत धरून.

मंडळानं साउंडसाठी दुसरा माणूस शोधला. संघर्षला जर्मनीतल्या एका ऑपेरा हाऊसनं पगारावर घेतलं; तिथे त्याला पहिलीच भूमिका मिळाली नायिकेच्या बापाची. तो आईला घेऊन गेला. सामानाची व्हॅन आली तेव्हा काका डोळ्यांच्या अपॉइंटमेंटला गेले होते. प्लगबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत. आदल्या संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटले, तेवढंच.

"काका, उद्या कुठला बिन? निळा का?"

"निळा. झाकण नीट लाव, रात्री कोल्हे येऊन कचरा उपसतात."

"लावतो."