बिरप्पांनी सांगितलेलं अंतर

बिरप्पा गेल्याचं मला त्यांच्या नातीकडून कळलं, तेही रजेच्या अर्जासारखं. सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत फोन वाजला. भागू म्हणाली, "सर, आज वस्तीवरलं कुणीच शाळेला येत न्हाई." मी चिडूनच विचारलं, "कामून? काय झालं?" ती म्हणाली, "सोडायला कोण न्हाई, सर. अप्पा गेले पहाटं." फोन ठेवल्यावर आधी मनात काय यावं, तर आपण पोरीवर चिडलो, हे. दोन महिने होत आले, अजून ते डोक्यातून जात नाही.

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सरहद्दीला लागून, माळावर धनगरांची दहा-बारा घरं आहेत. मेंढरं आता दोन-तीन घरांतच उरलीत. बाकीचे तुरीत नाहीतर उसात मजुरीला जातात. तिथून आमच्या मराठी शाळेपर्यंत धड रस्ता नाही, पायवाट आहे. अशा आडवस्तीवरच्या मुलांच्या ने-आणीसाठी सरकार भत्ता देतं, आणि त्यातून वस्तीनं बिरप्पांना मुलांचा सोबती केलं होतं. साठी ओलांडलेला, उंच, वाळक्या अंगाचा माणूस. खांद्यावर घोंगडं, आणि पहिलीतलं एखादं पोर रडायला लागलं की ते त्या घोंगड्यात. मुलं वर्गात बसवून परत जावं, तर तसं नाही. व्हरांड्यात बसून पाढे ऐकायचे. कन्नडचा तास लागला की मात्र आत येऊन मागच्या भिंतीला टेकायचे. कन्नड त्यांना बोलायला छान यायचं, अक्षर येत नव्हतं. "बसची पाटी तरी वाचाय आली पायजे की गुरुजी," म्हणायचे. वाचायला शिकलेही. मग आळंदला जाऊन आले की कुठल्या कुठल्या पाट्या वाचल्या ते मला ऐकवायचे, आणि मी हजेरी मांडता मांडता हूं हूं करायचो.

हा भत्ता आठवीपर्यंतचा. पुढं हायस्कूल ओढ्यापलीकडच्या गावात, आणि त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी पाहणी. पोर मोठं झालं की त्याची वाट आपोआप आखूड होते, असं कचेरीत बसलेल्यांना वाटत असावं. इकडं नेमकं उलटं आहे. सहा वर्षांच्या पोरीला शेजारचं कुणीही बोटाला धरून आणतं. चौदा वर्षांच्या पोरीला एकटं पाठवायला आई-बाप तयार होत नाहीत. आठवी झाली की आमच्या पोरी घरी बसतात, आणि मी पस्तीस वर्षं त्यांच्या दाखल्यांवर सह्या करत आलो आहे.

भागू नववीत जाणार होती तेव्हा अर्ज मीच लिहिला. पाहणीला साहेब येणार, त्याच्या आदल्या दिवशी बिरप्पांना बजावलं, "विचारलं तर लई लांब हाय म्हणा. दुसरं काही बोलू नका." ते म्हणाले, "बरं." साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बिरप्पांकडं वर-खाली बघितलं आणि आपुलकीनंच विचारलं, "काय अप्पा, या वयात चालवतंय का एवढं?" झालं! मेंढरं घेऊन बार्शीच्या पुढंपर्यंत गेलेला माणूस तो. ताठ झाला आणि म्हणाला, "एवढं म्हंजे? लांब कुठलं आलंय साहेब! तंबाखू मळून तोंडात टाकावी, ती थुकूस्तवर हायस्कूल येतंय." साहेब हसले आणि कागदावर लिहिलं. अंगठ्याऐवजी बिरप्पांनी ऐटीत कन्नडमध्ये सही केली. मी शेजारी उभा होतो. साहेब, हा माणूस चालण्याचा अभिमान सांगतोय, अंतर नव्हे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. बोललो नाही. ऊन होतं, सकाळपासून उपाशी होतो, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत बोलून काही होतं यावरचा विश्वासच उडाला होता.

अर्ज नामंजूर झाला. मी बिरप्पांना फाडफाड बोललो. "एक शब्द सांगितला होता, कामून असं बोललाव?" त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग काय सांगू गुरुजी? मला चालवत न्हाई म्हनू?" आणि घोंगडं खांद्यावर टाकत, "पोरी साळंला जातेत. मी हाय की."

ते होतेच. सव्वा वर्ष. लहानांना आमच्याकडं सोडायचे आणि मोठ्या पोरींना घेऊन पुढं निघायचे, आधी एकटी भागू, मग यंदा तिघी नव्या. परत आले की व्हरांड्यात बसायचे, पण कन्नडच्या तासाला उठेनासे झाले. मी त्याला म्हातारपण म्हणालो. त्यांनीही म्हणू दिलं.

दिवस-कार्य झाल्यावर भागूच्या बापाला भेटलो. तो म्हणाला, "बास झालं गुरुजी. कोण सोडणार रोज? आमी मजुरीला जावं का हिच्या मागं फिरावं?" भागू दाराआड उभी होती. यंदा तिची दहावी. मी नवा अर्ज केला, तर वस्ती जवळच असल्याची नोंद आहे, असं उत्तर आलं. सोबत जुन्या पाहणीचा कागद, त्याखाली बिरप्पांची सही. शेवटी मीच वस्तीवर गेलो आणि बापाला म्हणालो, "उद्यापासून मी येतो." सकाळी शाळा आमच्या दुसऱ्या शिक्षिका उघडतील, असं ठरलं.

दरवर्षी या वाटेच्या अंतराचा दाखला मी लिहून देत आलो, पण चाललो कधीच नव्हतो. मी मोटरसायकलनं फेऱ्याच्या रस्त्यानं जायचो. लहानांना आमच्या शाळेत सोडून पुढं निघालो, तशा काळ्या मातीनं चपला धरल्या. मी तीनदा बसलो. तंबाखू खात असतो, तर चार वेळा मळून झाली असती. चौघी पोरी माझ्यासाठी थांबत होत्या. ओढ्याला पाणी होतं. तिथं मात्र त्या चपला हातात घेऊन काठावर ओळीनं उभ्या राहिल्या आणि हलेनात. मी म्हणालो, "चला की, उशीर होतोय." भागू पाण्याकडंच बघत म्हणाली, "अप्पा आत उतरून हात करतेत सर, मगच जायचं असतंय." म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं... ती रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

मी पँट दुमडली आणि आत उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, ओढ चांगलीच होती. मधोमध पाय रोवून उभा राहिलो आणि हात केला. माझ्या दंडाला धरून एकेक पोर पलीकडं गेली.

तेव्हापासून रोज जातो. भागूची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाला आहे, माझी निवृत्ती त्यानंतर. तिच्यापुरतं निभेल. बाकीच्या तिघी नववीत आहेत.