पिवळ्या वाडग्यातलं मीठ

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. शिक्षण चौथी. पण कराडला चाळीस वर्षं खानावळ चालवली, ती या जिभेवर. कालवणात मीठ किती पडलंय ते एका घोटात सांगतो. एवढं ध्यानात धरून पुढचं वाचा.

मुलगा सुधीर ब्रिसबेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला असतो. गेल्या वर्षी त्याच्याकडं राहायला गेलो होतो. सूनबाईनं, मेघानं, ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक चिनी वाडगा आणला. हळदीसारखा पिवळा, बुडाला चिनी अक्षरं. मला आवडला. म्हटलं, आजपासून माझी आमटी यात वाढायची.

पहिल्याच दिवशी आमटी अळणी. दुसऱ्या दिवशी पण तेच.

“मेघा, मीठ विसरलीस.”

“नाही हो अण्णा, आम्ही खातोय की तीच.”

आठवडाभर हेच चाललं. शेवटी सुधीर म्हणाला, “अण्णा, वयानं चव जाते. जीपीला, इथल्या डॉक्टरला, दाखवू. पण आता गावी एकट्यानं राहायचं विसरा. रिटर्न तिकीट कॅन्सल करतो.”

“माझी जीभ शाबूत आहे. तुझी तपासून घे.”

वाडगा मी मेघापुढं सरकवला. तिनं चमचाभर खाल्लं... मग पातेल्यातलं चाखलं.

“सुधीर, अण्णा बरोबर आहेत. यातलं अळणीच लागतंय.”

त्यानंही चाखलं. तिकिटाचा विषय तिथंच मिटला.

शेजारी एक चिनी आजी राहायची. मेघानं तिला वाडगा दाखवला. ती म्हणाली, “आमचा बादशहा धरणीच्या पूजेला पिवळी भांडी वापरायचा, नैवेद्याला. हा खरा की नक्कल, मला कळत नाही. पण यात आपण जेवायचं नसतं. जेवणारं दुसरंच असतं.”

आमच्या मंडळींना शेवटची काही वर्षं डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. जाईपर्यंत म्हणायची, “एकदा तुमच्या हातची खारी आमटी द्या हो.” डॉक्टरांचा शब्द मी मोडला नाही.

वाडगा मी कराडला घेऊन आलोय. जेवतो स्टीलच्या ताटात. आमटी झाली की पहिला डाव वाडग्यात, हिच्या फोटोपुढं. थोड्या वेळानं चाखून बघतो — रोज अळणी. मीठ कुठं जातं ते मला सांगता येत नाही.

मी आपलं चिमूटभर जास्त घालतो.