परातीत बसलेली चिमी

लहान पोर घरात असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. झाडू मारला तरी कोपऱ्यातून चार निघतात!

आमची चिमी दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या आमच्या क्वार्टरात सासूबाईंचं एकच पालुपद, "पोटावर तापल्या विळ्याचा डाग द्या. जीभ सुटते." भीतीनं माझी झोप उडाली होती, पण मी म्हटलं, "डाग नाही!" त्यापेक्षा तिच्या हातांना काही तरी काम देऊ, हात चालले की जीभही चालेल, असं ठरवलं.

पहिल्या दिवशी परातीत ज्वारी ओतली आणि तिला मधोमध बसवलं. लढाईचे दिवस, धान्य रेशनचं. सासूबाई ओरडल्या, "अन्नात बसवते काहून?"

"बसूनच राहिली ना! खाऊन तर नाही राहिली!"

मग कणकेचा गोळा दिला. तिनं तो स्वतःच्या केसांत थापला. शेजारच्या मिसराइन म्हणाल्या, "बहू, खिलौना काहे नहीं दिलातीं?"

"दिलाया था जी. एक दिन में मन भर गया. आटे से नहीं भरता!"

तिला ऐकूच येत नसेल तर, ही धास्ती मी कोणाला सांगितली नव्हती. एका दुपारी डब्यात चिंचोके भरले आणि तिच्या पाठीमागे वाजवले. चिमी वळली! पुन्हा वाजवले, पुन्हा वळली! रात्रपाळी करून झोपलेले हे पण वळले.

"काहून वाजवून राहिली?"

"तुमचे कान पाहून राहिली!"

भेडाघाटहून तिला खेळायला नर्मदेचे गुळगुळीत गोटे आणले, चांगले मुठीएवढे. त्यातला एक सासूबाईंनी उचलून देवघरात ठेवला. सकाळी पाहतात तर चिमी तो चाटते आहे!

"देव उष्टा केला!"

"प्रसाद घेतला म्हणा."

शेवटी, हे ड्यूटीवर असताना, सासूबाईंनी डागणारी बाई बोलावलीच. अंगणात शेगडी पेटली, निखाऱ्यांत विळा ठेवला.

मी आडवी उभी राहिली. "आधी मला डागा!"

"बाजूला हो!"

"नाही होत!"

चिमीला मी सकाळपासून न्हाणीत बसवलं होतं, वाटीनं लोट्यात पाणी ओतायला. आमच्या भांडणात तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. ती भरली वाटी दोन्ही हातांत धरून आली, थेंब न सांडता, आणि शेगडीत ओतली. फुस्स! धुरानं बाईला ठसका लागला.

डोळे पुसत बाई म्हणाली, "दुसरे निखारे आणा."

चिमी दुसरी वाटी भरून दारात उभी होती!