दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर आणि आमचा दसरा

आमचे हे आखातातून कायमचे घरी आले, तेव्हा केस पिकले होते. तोवरचा आमचा संसार सगळा रजेपुरता. मुलं मुंबईला, कापडे गावच्या घरात आम्ही दोघंच. म्हटलं, आता हा माणूस पडवीत बसेल, माझ्याशी चार शब्द बोलेल. तर ह्यांनी बॅगेतून काढलं काय, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग. तिकडं विमानतळावर मेकॅनिक होते ना, हात गप्प बसेनात. हेलिकॉप्टरही साधं नव्हे, दोन पंख्यांचं. एक पुढं, एक मागं, दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे, म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. हे मला सांगितलं तेही एकदाच, जेवताना.

ते जोडून झालं, आणि मग रोज संध्याकाळी हे हेलिकॉप्टर आणि रिमोट घेऊन माळावर जायचे.

"मी येऊ?" मी विचारलं.

"तू काय करणार गो तिथं? वारा लागंल."

ह्याच वाऱ्यात भात वारवण्यात माझा जन्म गेला, आणि म्हणे वारा लागंल. मी घरात बसून लांबून येणारी घरघर ऐकायची. पोलादपूरच्या बाजारात बाया म्हणायच्या, "काय गो, आता मालक घरी हायत, मजा हाय तुझी." मी हसून भाजी निवडायची. ते आखातात होते तेव्हा वाट तरी बघता यायची. घरात असलेल्या माणसाची वाट कशी बघायची, ते काही मला जमेना. त्यांनी एकदा 'चल' म्हणावं, एवढंच हवं होतं मला.

दसऱ्याला आम्ही कोयता, विळा, फावडं, सगळ्यांची पूजा करतो. त्या वर्षी मी हेलिकॉप्टरही पाटावर मांडलं. झेंडूचं फूल ठेवलं आणि पुढच्या पंख्याच्या एका पात्यावर ओल्या कुंकवानं जाडसर स्वस्तिक काढून वर अक्षता चिकटवल्या. ह्यांनी बघितलं. संध्याकाळी फूल काढून देवापुढं ठेवलं आणि नेहमीसारखे निघाले.

जरा वेळानं परत आले. पुढची दोन्ही पाती मोडलेली.

"काय झालं ओ?"

"हादरायला लागलं. ताप भरल्यासारखं. खाली घेईपर्यंत आपटलं."

"कशानं?"

"एक पातं जड झालं तर पंखा हादरणारच." त्यांनी मोडका तुकडा पुढं केला. कुंकू सुकून घट्ट बसलं होतं, दोन तांदूळही होते.

"तुम्हाला कळत होतं ना? मग पुसलं का नाय?"

त्यांनी वर बघितलं नाही. "तू लावलेलं कुंकू कसं पुसू?"

मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारत बसले. बाहेर ते जवळची जादाची पाती काढून बसवत होते, स्क्रू आवळत होते. मग तिथूनच म्हणाले, "पुढच्या सालाला रिमोटला लाव."

दुसऱ्या संध्याकाळी ते निघाले. 'चल' म्हणाले नाहीत. मी पायात चपला घातल्या आणि मागून गेले. त्यांनी वळून बघितलं, 'जा'ही म्हणाले नाहीत. मी माळाच्या दुसऱ्या टोकाला, करवंदीच्या जाळीपाशी उभी राहिले. हेलिकॉप्टर वर गेलं. त्याची दोन्ही टोकं सारखीच दिसतात, आणि सूर्य त्यांच्या डोळ्यांवर. ते डोळे बारीक करून बघत होते, पण तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, त्यांना कळेना. सूर्य माझ्या पाठीशी, त्यामुळं माझ्या बाजूनं स्वच्छ दिसत होतं.

"तोंड माझ्याकडं हाय ओ," मी ओरडले.

त्यांनी ते सावकाश वळवलं.

"आता?"

"आता तुमच्याकडं."

तेवढंच बोलणं झालं त्या दिवशी. घरी येताना ते पुढं, मी मागं, मध्ये शेताच्या बांधाएवढं अंतर. जेवताना त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. पण मग रोज माळावर पोचलं की मी आपली जाळीपाशी जायची, आणि मी तिथं पोचेपर्यंत ते पंखे सुरू करायचे नाहीत.